सोलेनॉइड पास होतोय? व्हॉल्व्ह बदलण्याआधी एवढं बघा

नाशिक जिल्ह्यातल्या एका द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमधल्या ऑपरेटरने विचारलं आहे ते थोडक्यात असं: प्लांट अमोनियाचा, रिसीव्हरमधून (लिक्विड साठवायच्या टाकीतून) हाय प्रेशर लिक्विड येतं, सोलेनॉइड (विजेच्या कॉइलने उघडणारा व्हॉल्व्ह) आणि हँड एक्सपान्शन व्हॉल्व्ह (लिक्विडचा दाब उतरवणारा, हाताने सेट करायचा) यांतून अक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे कमी दाबाच्या टाकीत जातं, तिथून ग्रॅव्हिटीने खोल्यांच्या कॉइलमध्ये उतरतं. लेव्हल भरली की फ्लोट स्विच सोलेनॉइड बंद करतो. पण बंद झाल्यावरही लेव्हल चढतच राहते. कॉम्प्रेसरच्या सक्शनवर, म्हणजे गॅस आत घेणाऱ्या बाजूला, बर्फ धरतो, दोनदा तर आतून ठोकल्यासारखा आवाज आला. दोन हंगामांत तीन वेळा सोलेनॉइड बदलला. नवा व्हॉल्व्ह महिनाभर नीट चालतो आणि मग पुन्हा पास व्हायला, म्हणजे बंद असतानाही लिक्विड सोडायला लागतो. सध्या रात्रपाळीचा माणूस सोलेनॉइडच्या आधीचा स्टॉप व्हॉल्व्ह हाताने बंद करून वेळ मारून नेतो. तर कोणत्या कंपनीचा व्हॉल्व्ह घ्यावा?

कंपनीचं शेवटी बोलू. आधी त्या रात्रपाळीच्या स्टॉप व्हॉल्व्हबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते.

सोलेनॉइड बंद आहे आणि त्याच्या आधीचा स्टॉप व्हॉल्व्हही बंद केला, तर मधल्या दोन-चार फूट पाइपात लिक्विड अमोनिया कोंडून राहतो. पाइप पूर्ण लिक्विडने भरला असेल तर त्याला फुगायला जागा नसते. अशा वेळी तापमान एक अंशाने वाढलं तरी दाब (दर चौरस इंचाला) शंभर पौंडांहून जास्त चढू शकतो. जानेवारीत तुमच्याकडे पहाटे १० अंश असतं आणि दुपारी शेडच्या पत्र्याखाली तीसच्या पुढे. पहाटे कोंडलेलं लिक्विड दुपारी काय करेल याचा विचार करा. पाइप कदाचित टिकेल, पण बॉनेटचं (व्हॉल्व्हच्या वरच्या झाकणाचं) किंवा फ्लँजचं गास्केट टिकेलच असं नाही. आजवर काही झालं नाही, कारण तुमचा सोलेनॉइड पास होतोय. कोंडलेलं लिक्विड त्याच्यातूनच हळूहळू निसटतंय. ज्या दिवशी तुम्ही घट्ट बसणारा नवा व्हॉल्व्ह लावाल आणि रात्रपाळीची सवय तशीच राहील, त्या दिवसापासून खरा धोका सुरू होईल.

म्हणून आजपासून क्रम बदला. हाताने बंद करायचंच असेल तर सोलेनॉइड चालू असताना, म्हणजे उघडा असताना, आधी स्टॉप व्हॉल्व्ह बंद करा. मधलं लिक्विड अक्युम्युलेटरमध्ये जाऊ द्या. पाइप आणि स्ट्रेनरचं (सोलेनॉइडच्या आधीच्या गाळणीचं) अंग आधी पांढरं होईल, मग दहा-पंधरा मिनिटांनी तो बर्फ वितळून पाणी गळायला लागेल. बर्फ उतरला म्हणजे आतलं लिक्विड संपलं. त्यानंतरच सोलेनॉइडचा करंट बंद करा. लाईन लांब असेल, किंवा असं बंद करणं रोजचंच होणार असेल, तर त्या तुकड्याला छोटा रिलीफ व्हॉल्व्ह बसवून घ्या आणि त्याचं तोंड लो साईडला, म्हणजे कमी दाबाच्या बाजूला जोडा.

आता मूळ प्रश्नाकडे. सोलेनॉइड पास होतो असं म्हणतो तेव्हा आपण एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की लिक्विड त्याच्या सीटमधूनच (आतला पिस्टन टेकून बंद होतो त्या जागेतूनच) जातंय. ते आधी तपासायला हवं. अशा तक्रारीवर मला बोलावलं आणि व्हॉल्व्हची सीट शाबूत निघाली, असं बऱ्याचदा झालंय.

सगळ्यात आधी बायपास बघा. बहुतेक जुन्या प्लांटमध्ये सोलेनॉइडला समांतर एक हँड व्हॉल्व्ह असतो, सोलेनॉइड बिघडला तर हाताने लिक्विड द्यायला. एखाद्या रात्री कोणीतरी तो अर्धा फेरा उघडतो आणि बंद करायचं राहून जातं. चाकीकडे बघून हे कळत नाही, हाताने फिरवूनच बघावं लागतं.

मग व्हॉल्व्हची स्वतःची हाताने उघडायची सोय. अमोनियाच्या बऱ्याच सोलेनॉइडना टोपीखाली एक स्पिंडल असतो. तो फिरवला की आतला पिस्टन सीटवरून उचलला जातो, मग कॉइलला करंट असो वा नसो. टोपी सावकाश सैल करा, तिच्या मागे गॅस साठलेला असू शकतो, आणि स्पिंडल पूर्णपणे ऑटोच्या बाजूला आहे का पाहा. तुमच्याकडे नवा व्हॉल्व्ह महिनाभर चालतो आणि मग बिघडतो. त्या महिनाभरात कोणी हा स्पिंडल फिरवला होता का, तेही विचारा. रागावून विचारू नका, नाहीतर खरं उत्तर मिळणार नाही.

तिसरी गोष्ट वीज. फ्लोट स्विच तुटला, म्हणजे लेव्हल भरून त्याने सर्किट तोडलं, तरी पॅनलमधून कॉइलला थोडा करंट येत राहतो असं कधीकधी होतं. कॉइलच्या वरच्या नटाजवळ स्क्रू ड्रायव्हरचं टोक न्या. फ्लोट तुटलेला असतानाही ते ओढल्यासारखं वाटलं तर दोष वायरिंगमध्ये आहे.

चौथी गोष्ट जरा फसवी आहे. दुसरा कॉम्प्रेसर चालू केला की सक्शनचा दाब झटकन पडतो आणि अक्युम्युलेटरमधलं लिक्विड एकदम उकळायला लागतं. दूध उतू जातं तसं ते वर येतं. काचेत किंवा फ्रॉस्टच्या रेषेवर लेव्हल चढलेली दिसते, पण नवं लिक्विड एक थेंबही आलेलं नसतं. तुमची लेव्हल नेमकी कधी चढते ते दोन दिवस वहीत लिहा. कॉम्प्रेसर चालू करण्याच्या वेळाशी ती जुळत असेल तर सोलेनॉइडचा त्यात दोष नाही. कॉम्प्रेसर हळूहळू लोड करा.

पाचवी गोष्ट फ्लोटच्या पायात साठलेलं ऑईल. ते लिक्विड अमोनियापेक्षा जड असल्यामुळे तळाला बसतं आणि थंडीत घट्ट होतं. फ्लोट चेंबरची खालची लाईन त्याने चोंदली की फ्लोट खोटी लेव्हल दाखवतो. आत अक्युम्युलेटर भरलेला आणि फ्लोट मात्र अजून लिक्विड हवंय म्हणून सांगतोय, असं होतं. तुम्ही फ्लोट तुटल्यावरही लेव्हल चढते असं लिहिलंय, म्हणून हे कारण तुमच्याकडे कमी संभवतं. तरी फ्लोट चेंबरचं ऑईल शेवटचं कधी काढलं ते बघा.

हे सगळं ठीक निघालं तर सोलेनॉइडची परीक्षा सोपी आहे. फ्लोट तुटल्यावर वीस मिनिटं थांबा. हँड एक्सपान्शनच्या पुढचा पाइप बर्फाने पांढरा झालेला असतो. लिक्विड खरंच थांबलं असेल तर त्या तुकड्यावरचा बर्फ सैल व्हायला, वितळायला लागतो. तो तसाच कडक राहिला आणि लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक व्हॉल्व्हवर टेकवून मूठ कानाला लावल्यावर बारीक सीऽऽ असा आवाज आला, तर व्हॉल्व्ह पास होतोय हे नक्की.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज आहे की हे खरंच पासिंग आहे. तीन वेळा नवा व्हॉल्व्ह लावूनही तेच होत असेल तर दोष लाईनमधल्या घाणीत किंवा व्हॉल्व्ह बसवण्याच्या पद्धतीत शोधावा लागेल.

काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका मासळीच्या प्लांटमध्ये मी असाच व्हॉल्व्ह खोलला होता. चौथा की पाचवा व्हॉल्व्ह असेल. टेफ्लॉनच्या पांढऱ्या कडीवर मोहरीएवढा काळा मणी रुतून बसला होता. नखाने निघेना, सुईने उकरून काढला. तो वेल्डिंगचा थेंब होता. त्याच्या दोन्ही बाजूंना टेफ्लॉनवर केसासारख्या बारीक खाचा पडल्या होत्या. आधीचा स्ट्रेनर उघडला तर आत जाळीच नव्हती. ऑपरेटरने सरळ सांगितलं, जाळी सारखी चोक व्हायची, लिक्विड कमी पडायचं, म्हणून काढून ठेवली. जाळी स्टोअरच्या कपाटात कागदात गुंडाळलेली होती. त्या माणसाचं काय चुकलं? त्याला रोज माल गोठवून द्यायचा होता आणि जाळी का चोक होते ते शोधायला कोणी वेळ दिला नव्हता.

एक कण अडकल्याने एवढं का बिघडतं? सोलेनॉइडच्या आधी १५० ते १८० पौंड दाब आहे आणि पुढे अक्युम्युलेटरमध्ये ३० ते ३५. व्हॉल्व्ह बंद असताना हा सगळा फरक त्या एका सीटवर येतो. कणामुळे केसाएवढी फट राहिली की लिक्विड त्यातून प्रचंड वेगाने सुटतं आणि सुटता सुटता त्याचा गॅस होतो. हा झोत टेफ्लॉनच काय, लोखंडही कोरतो. आज फट आहे, महिन्याभराने तिथे चर पडलेला असतो. मग कण निघून गेला तरी व्हॉल्व्ह पास होतच राहतो. तुमचा नवा व्हॉल्व्ह महिनाभर टिकतो तो बहुधा याच हिशोबाने.

म्हणून पहिलं काम, स्ट्रेनर उघडणं. हे काम नेमकं कसं करतो ते सांगतो, कारण इथेच माणसं भाजतात.

काम दोघांनी करायचं, एकट्याने कधीच नाही. वरती सांगितलं तसं स्टॉप व्हॉल्व्ह बंद करून, सोलेनॉइड उघडा ठेवून लिक्विड संपू द्या. बर्फ वितळला की हँड एक्सपान्शन बंद करा. आता आत लिक्विड नाही, पण सक्शनच्या दाबाचा गॅस आहे. पर्ज व्हॉल्व्हला होज लावून तो पाण्याच्या ड्रममध्ये सोडा. अमोनिया पाण्यात इतक्या झपाट्याने विरघळतो की दाब संपत आला की ड्रममधलं पाणी उलटं होजमधून लाईनमध्ये खेचलं जातं. म्हणून बुडबुडे मंदावले की पर्ज बंद करा आणि होज पाण्याबाहेर काढा, त्याच क्रमाने. लाईनमध्ये पाणी गेलं तर पुढच्या वर्षी गंजाची पूड जाळीत सापडेल.

मग मास्क लावून, रबरी हातमोजे घालून, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. झाकणाचे बोल्ट सगळे एकदम काढू नका. आपल्यापासून लांबच्या बाजूचे आधी सैल करा, काढू मात्र नका, आणि झाकण हलकेच ढिलं करा. आत काही राहिलं असेल तर ते पलीकडच्या बाजूने निघेल. साथीदाराने स्टॉप व्हॉल्व्हजवळ उभं राहायचं आणि पाण्याचा नळ कुठे आहे ते दोघांनी आधी बघून ठेवायचं. कार्ट्रिजचा मास्क थोड्या गळतीपुरता असतो. हवेत ३०० पीपीएम अमोनिया म्हणजे जिवाला धोका धरतात, आणि मोठी गळती त्याच्या कितीतरी पुढे जाते. तिथे हवेच्या सिलिंडरचा सेटच हवा, नसेल तर बाहेर पळायचं.

जाळी निघाली की लगेच धुऊ नका. ती पांढऱ्या कागदावर आपटा आणि काय पडतं ते बघा. काळे, चकचकीत, गोल मणी असतील तर वेल्डिंगची घाण आहे. काळसर पापुद्रे म्हणजे नव्या पाइपाच्या आतली मिल स्केल. तपकिरी पूड म्हणजे गंज, आणि गंज म्हणजे लाईनमध्ये कधीतरी पाणी होतं. नवा प्लांट पाण्याने हायड्रो टेस्ट करून नीट न सुकवता चालू केला की हे हमखास सापडतं. चिकट काळपट चिखल असेल तर कॉम्प्रेसरचं ऑईल पुढे येतंय, ऑईल सेपरेटर बघावा लागेल. आणि गास्केटचे तुकडे निघाले, तर कोणीतरी बाहेर सांडेल इतकं सिलिकॉन लावून फ्लँज बसवलाय.

मणी आणि पापुद्रे ही एकदाची घाण असते. जाळी दर आठवड्याला साफ केली तर दोन-तीन महिन्यांत ती संपते. अशा वेळी मी १५० मायक्रॉनच्या, म्हणजे १०० मेशच्या जाळीच्या आत आणखी बारीक कापडी फिल्टर दोन-तीन दिवस ठेवतो आणि आठवणीने काढतो. तो विसरला तर फाटून स्वतःच व्हॉल्व्हमध्ये जातो. गंजाचं मात्र तसं नाही. तो येतच राहतो, आणि लाईनमधलं पाणी काढल्याशिवाय थांबत नाही.

आता बसवण्याबद्दल. तीनही वेळा व्हॉल्व्ह वेल्डिंगचा होता की फ्लँजचा, ते तुम्ही लिहिलं नाहीत. वेल्डिंगचा असेल आणि आतले भाग न काढता वेल्डिंग केलं असेल तर सीट पहिल्याच दिवशी खराब झालेली असू शकते. टेफ्लॉन अडीचशे अंशांच्या पुढे मऊ पडून आकार सोडतो, ओ-रिंग तर त्याच्या खूप आधी कडक होतात. आधी बॉनेट, पिस्टन, सीट, सगळं काढून स्वच्छ कापडात बाजूला ठेवायचं. रिकामं बॉडी वेल्ड करायचं, अंगाभोवती ओलं फडकं गुंडाळून. पहिला थर आर्गॉन वेल्डिंगने मारला तर आत थेंब कमी पडतात. गार झाल्यावर आतून ब्रशने साफ करून, सुक्या नायट्रोजनने किंवा हवेने झाडून, मग भाग परत बसवायचे.

वेल्डरच्या अर्थिंगच्या क्लँपकडेही लक्ष ठेवा. बऱ्याचदा तो लांब कुठेतरी पाइप सपोर्टला लावलेला असतो. मग वेल्डिंगचा करंट व्हॉल्व्हच्या स्पिंडलमधून, पिनमधून वाट काढतो आणि तिथे बारीक चटके बसतात. बाहेरून काही दिसत नाही, पिन मात्र अडकायला लागते. क्लँप वेल्डिंगच्या टाक्याच्या शेजारीच लावायचा.

सोलेनॉइड आडव्या पाइपात आणि कॉइल सरळ वर, बाण लिक्विडच्या दिशेने. कॉइल तिरकी असेल तर आतली पिन एका बाजूला घासते. स्टॉप व्हॉल्व्हच्या स्पिंडलचं तोंड मात्र खाली कधीच ठेवू नये, सगळी घाण बॉनेटमध्ये आणि पॅकिंगमध्ये जाऊन बसते. सक्शनसारख्या ओल्या लाईनला मी ग्लोब व्हॉल्व्ह स्पिंडल आडवा ठेवूनच बसवतो. उभा ठेवला तर सीटच्या आधी लिक्विडची डबकी साचते आणि ती अचानक उचलून पुढे फेकली जाते.

साइझचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कदाचित तिथेही गडबड आहे. पाइप एक इंचाचा म्हणून सोलेनॉइडही एक इंचाचा, असं बऱ्याच ठिकाणी केलेलं असतं. व्हॉल्व्ह टनेजवर, म्हणजे किती कूलिंग हवंय त्यावर निवडायचा. गरजेपेक्षा मोठा सर्व्हो व्हॉल्व्ह (लाईनमधल्या दाबाच्या फरकावर उघडणारा) पूर्ण उघडत नाही, थरथरत राहतो आणि सीटवर आपटतो. हँड एक्सपान्शन जास्त उघडा असेल तरी तेच. अक्युम्युलेटर झटकन भरतो, सोलेनॉइड बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद. घड्याळ लावून तासाभरात तो किती वेळा वाजतो ते मोजा. दर मिनिटाला वाजत असेल तर हँड एक्सपान्शन पाव-पाव फेऱ्याने बंद करत जा, पूर्ण लोडवर सोलेनॉइड बराचसा वेळ उघडा राहील इथपर्यंत. मार्चमध्ये प्रीकूलिंगचा जोर असताना केलेलं सेटिंग जूनमध्ये चालणार नाही, ते हंगामाप्रमाणे बदलावं लागतं.

तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात की मालक पुढच्या वर्षी फ्रोझन मालासाठी ब्लास्ट फ्रीझर टाकणार आहेत, हॉट गॅस डिफ्रॉस्टचा, म्हणजे कॉम्प्रेसरचा गरम गॅस कॉइलमध्ये सोडून बर्फ काढायचा. आज तुमच्याकडे डिफ्रॉस्ट पाण्याने होतो, म्हणून हा विषय नवा असेल. हॉट गॅस आला की लिक्विड सोलेनॉइडच्या पुढे चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारा) लागतोच. डिफ्रॉस्टच्या वेळी कॉइलमधला दाब लिक्विड लाईनपेक्षा जास्त असू शकतो, आणि सोलेनॉइड उलट्या दिशेचा दाब अडवत नाही. त्याहून मोठी गोष्ट, डिफ्रॉस्ट संपल्यावर कॉइलमधला दाब छोट्या व्हॉल्व्हने हळूहळू सक्शनला सोडायचा आणि मगच मोठा सक्शन स्टॉप व्हॉल्व्ह उघडायचा. एकदम उघडला तर गॅसचा लोंढा पाइपातलं लिक्विड गोळीसारखं पुढे ढकलतो आणि ते पाइपाच्या टोकावर आदळतं.

हे नुसतं भीती घालायला सांगत नाही. ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या थिओडोर इथे एका मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये नेमकं हेच झालं. सात तासांहून जास्त वेळ वीज गेलेली होती. ती आल्यावर अलार्म साफ करताना कंट्रोल रीसेट केला गेला आणि डिफ्रॉस्टमध्ये असलेली कॉइल दाब न सोडताच थेट कूलिंगवर गेली. छतावरचा १२ इंची सक्शन पाइप फुटला आणि ३२ हजार पौंडांहून जास्त, म्हणजे सुमारे साडेचौदा टन अमोनिया बाहेर पडला. नदीपलीकडे तेलगळतीच्या सफाईवर असलेली माणसंसुद्धा त्यात सापडली, दीडशेवर लोकांना त्रास झाला. तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डाने जानेवारी २०१५ मध्ये यावर सविस्तर बुलेटिन काढलं. वीज जाणं-येणं आपल्याकडे रोजचं आहे. ब्लास्ट फ्रीझरचं पॅनल बनवणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा की डिफ्रॉस्टच्या मध्येच वीज जाऊन परत आली तर व्हॉल्व्ह कोणत्या क्रमाने उघडतील. उत्तर कागदावर लिहून घ्या.

देखभालीचं बाकी थोडक्यात. हंगाम संपला की प्रत्येक स्टॉप व्हॉल्व्ह एकदा पूर्ण बंद-उघड करा. वर्षानुवर्षं न हललेला व्हॉल्व्ह संकटात हलत नाही. उघडताना पूर्ण उघडून पाव फेरा मागे घ्या, म्हणजे पुढचा माणूस अडकला समजून पाइप लावून चाकी फिरवणार नाही. ग्लँडमधून, म्हणजे स्पिंडलभोवतीच्या पॅकिंगमधून, वास यायला लागला तर नट थोडा आवळा. ओला फेनॉल्फ्थॅलिनचा कागद जवळ नेला आणि तो गुलाबी झाला तर अजून गळतंय. स्पिंडलवर रंग मारू देऊ नका. रंगाऱ्याला चाकीपासून बॉनेटपर्यंत सगळं एकाच ब्रशखाली घ्यायची सवय असते, आणि तो वाळलेला रंगच पुढे पॅकिंग फाडतो. टोप्या जागेवर ठेवा. इन्शुलेशनच्या आत शिरलेले व्हॉल्व्ह दरवर्षी एखाद-दुसरे उघडून गंज बघा.

रिसीव्हरच्या आउटलेटचा किंग व्हॉल्व्ह, म्हणजे पुढे जाणारं सगळं लिक्विड थांबवणारा मुख्य व्हॉल्व्ह, लाल रंगाने, मराठीत पाटी लावून दाखवलेला हवा, आणि शिडीशिवाय हात पोचला पाहिजे. वॉचमनलाही तो माहीत असावा. सेफ्टी व्हॉल्व्ह मी पाच वर्षांत बदलतोच, आणि एकदा उडाला असेल तर आधीच, कारण उडाल्यावर तो पुन्हा तितकाच घट्ट बसेल याची खात्री नसते. त्याच्या आधी साधा स्टॉप व्हॉल्व्ह असेल तर तो काढून दोन सेफ्टी आणि मध्ये थ्री-वे, अशी जोडणी करून घ्या. दाबाच्या भांड्यांची तपासणी होते, त्याच वेळी हे करून घेतलं तर प्लांट दोनदा थांबवावा लागत नाही.

ऑईल ड्रेनवर मात्र मी कुठेही तडजोड करत नाही. तिथे एक स्टॉप व्हॉल्व्ह आणि त्याच्या पुढे हात सोडताच आपोआप बंद होणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह, दोन्ही हवेत. स्प्रिंगचा हँडल तारेने बांधून चहाला गेलेला माणूस मी पाहिलाय. आधी घट्ट ऑईल सावकाश येतं, मग एकदम लिक्विड अमोनिया सुटतो आणि त्या ढगात शिरून व्हॉल्व्ह बंद करणं कोणालाच जमत नाही. त्या दिवशी माणसं वेळेत बाहेर पडली. तार आजही तुमच्या ड्रेनजवळ लटकत असेल तर ही ओळ वाचून झाल्यावर जाऊन कापा.

आता कंपनी. अमोनियासाठी बनवलेला, आत तांबं-पितळ नसलेला, ज्याचे सीट किट आणि पिस्टन नाशिकला किंवा पुण्याला दोन दिवसांत मिळतात असा कोणताही चांगला व्हॉल्व्ह घ्या. शक्यतो फ्लँजचा घ्या, म्हणजे पुढच्या वेळी वेल्डरला बोलवावं लागणार नाही. आणि नवा घेण्याआधी जुने तीन फेकू नका. बॉडी शाबूत असेल तर सीट किट बदलून त्यातले दोन तरी परत वापरात येतील.

द्राक्षांचा हंगाम चालू असल्याने प्लांट फार वेळ थांबवता येणार नाही हे मला कळतं. बायपास, स्पिंडल आणि कॉइलची तपासणी चालू प्लांटवर अर्ध्या तासात होते. स्ट्रेनरचं काम दोन-अडीच तासांचं आहे. खोल्यांची दारं बंद ठेवली तर पहाटेच्या वेळी मालाचं तापमान तेवढ्यात फारसं हलत नाही. तोपर्यंत सक्शनवर बर्फ दिसला तर कॉम्प्रेसर अनलोड करा, आणि ठोकल्याचा आवाज आला तर विचार न करता बंद करा. त्या दोन आवाजांनंतर कॉम्प्रेसरच्या व्हॉल्व्ह प्लेट्स उघडून बघितल्यात का, तेही कळवा. जाळीतून कागदावर जे पडेल त्याचा उजेडात, जवळून काढलेला फोटो पाठवा. मणी आहेत की पूड, त्यावर पुढचं सांगतो.